अपिलात काय तोलले जाते?

बेंगळुरू शहरात कब्बन पार्कच्या कडेला, विधानसौधासमोर, तांबड्या रंगाची एक लांबलचक जुनी इमारत आहे. एके काळी म्हैसूर संस्थानची अठरा सरकारी खाती तीत नांदत असत, म्हणून लोक तिला अद्यापि ‘अत्तारा कचेरी’ असेच म्हणतात. आता तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. सत्र न्यायालयांनी दिलेल्या शिक्षांविरुद्धची अपिले येथे येतात. बेळगाव, धारवाडकडील अपिले मात्र २००८ सालापासून धारवाड येथे, व बीदर, कलबुर्गीकडील कलबुर्गी येथे चालतात.

या अपिलांत हुंडाबळीची प्रकरणेही असतात. खाली शिक्षा झालेला आरोपी वर निर्दोष सुटला, की मुलीच्या माहेरी एकच उद्गार निघतो : “पैसा जिंकला!” वाचकहो, असे कधीच घडत नसेल असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुष्कळदा कारण वेगळे असते, आणि ते मुलीच्या मृत्यूच्या फार आधी घडून गेलेले असते. म्हणून अपिलात नेमके काय तोलले जाते, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावयास हवे.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ साली झाला. ‘हुंडाबळी’ हा स्वतंत्र गुन्हा मात्र १९८६ साली दंडसंहितेत कलम ३०४-ब म्हणून आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा भाजून, इजा होऊन वा अन्य अस्वाभाविक रीतीने मृत्यू झाला, आणि मृत्यूच्या ‘काही काळ आधी’ पतीने वा त्याच्या नातलगांनी हुंड्याच्या मागणीपायी तिचा छळ केला असे सिद्ध झाले, तर मृत्यूला तेच कारण झाले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. मग ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर पडतो. तथापि हे गृहीतक आपोआप उभे राहत नाही. त्याखालचा पाया सरकार पक्षानेच रचावयाचा असतो, आणि अपिलात वकिलाचा पहिला घाव पडतो तो या पायावर.

उच्च न्यायालयाकडे अपील शिक्षेपासून साठ दिवसांच्या आत करावे लागते. ते चालू असता न्यायालय शिक्षा स्थगित करून आरोपीस जामिनावर सोडू शकते. तो गावात परत दिसला म्हणजे निर्दोष ठरला, असे समजू नये. सुनावणीत सामान्यतः नवे साक्षीदार येत नाहीत. खालच्या न्यायालयातील कागद पुन्हा वाचले जातात. पण ते सर्व, अगदी पहिल्या ओळीपासून.

त्या कागदांत सर्वांत मोठा वाद ‘काही काळ आधी’ या शब्दांवरून होतो. कायद्याने दिवस मोजून दिलेले नाहीत. छळ आणि मृत्यू यांच्यात जवळचा व जिवंत संबंध दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आणि पुढे वेळोवेळी तेच बजावले. आता पाहा, वडील साक्षीत सांगतात, “लग्नानंतर सारखा त्रास होता.” हे खरे असेल, पण या ‘सारखा’त ना दिवस आहे, ना प्रसंग. दिवाळसणाला जावयाने किती रुपये मागितले, मुलगी कोणत्या महिन्यात माहेरी आली, तिला परत पोहोचवावयास कोण गेले, अशा एका प्रसंगास जे वजन येते ते दहा विशेषणांस येत नाही. मृत्यूनंतर तहसीलदारासमोर झालेल्या चौकशीत जी मागणी कोणी सांगितलीच नाही, ती दोन वर्षांनी साक्षीत प्रथम उगवली, तर बचावाचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो. दुःखाच्या भरात सासरच्या झाडून साऱ्या माणसांची नावे गोवली जातात, यावरही त्याच २००० सालच्या निकालात ताशेरे आहेत. दूरच्या गावी राहणारी नणंद विनाकारण गोवली गेली, की खऱ्या अपराध्याविरुद्धचा पुरावाही लटका वाटू लागतो. शिवाय त्या नणंदेलाही घर आहेच की!

दुसरा वाद ‘हुंडा’ या शब्दाचा. महाराष्ट्रातील एका शेतकरी कुटुंबातील सून विषाने मेली. घरखर्चासाठी व खतासाठी माहेरून पैसे आण, असा तगादा होता. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींस सोडले. घरखर्चाची वा खताची मागणी म्हणजे हुंडा नव्हे, असा अर्थ त्या निकालात केला गेला. आमच्या मते हा अर्थ खेड्यातील व्यवहाराशी जुळणारा नव्हता. ‘हुंडा दे’ असे शब्द लग्नानंतर कोण उच्चारतो? मागणी येते ती खताच्या, बियाण्याच्या, दुकानाच्या नाहीतर घरबांधणीच्या नावाने. २०१५ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा संकुचित अर्थ बरोबर नसल्याचे स्पष्ट केले, आणि २०२२ साली घर बांधण्यासाठी मागितलेला पैसाही हुंडाच ठरला.

अपिलात केवळ सुटका वा शिक्षा एवढेच दोन मार्ग नसतात. हुंडाबळी सिद्ध न होता पतीने केलेला छळ तेवढा सिद्ध होऊ शकतो. त्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. कर्नाटकातीलच एका प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अपराध कायम ठेवून जन्मठेप दहा वर्षांवर आणली.

बेंगळुरूचे नाव निघाले की स्टोव्हची आठवण होते. १९९० नंतरच्या दशकात तेथील ‘विमोचना’ या स्त्री-संघटनेने विवाहित तरुणींच्या मृत्यूंची कागदपत्रे तपासावयास घेतली, तेव्हा ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून अपघातात जमा झालेली कितीतरी प्रकरणे पुढे आली. जे प्रकरण प्रथमच अपघात म्हणून मिटते, ते अपिलापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून भाजलेल्या स्त्रीचा मृत्युपूर्व जबाब फार मोलाचा. ती शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला नसला, तरी तिची मनःस्थिती ठीक होती अशी जबाब घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याची खात्री झाली असेल, तर तेवढ्यावरून तो टाकून देता येत नाही, असे महाराष्ट्रातून गेलेल्या अपिलात घटनापीठाने २००२ साली ठरविले.

आणि पत्रे? पुण्यात १९८२ साली एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला. पतीला फाशीची शिक्षा झाली, ती मुंबई उच्च न्यायालयानेही कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुरावा म्हणून वाचली गेली. त्यांतून तिचे दुःख दिसले; परंतु तिने स्वतःच जीव दिला असण्याची शक्यताही त्यांतूनच पुढे आली. खटला खुनाचा होता आणि कलम ३०४-ब अजून जन्मले नव्हते. आज हुंडाबळीच्या प्रकरणात आत्महत्या एवढ्याच कारणाने पती सुटत नाही. तीच पत्रे आज वेगळ्या तराजूत पडली असती.

हल्ली मुली पत्रे लिहीत नाहीत; फोनवर संदेश पाठवितात. ते न्यायालयात चालतात, पण त्यांच्या प्रतीसोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून तो फोन विकू नये, धाकट्या भावाला वापरावयास देऊ नये, त्यातले काही पुसू नये; पोलिसांनी ताब्यात घेतल्यास तशी नोंद पंचनाम्यात झाली आहे ना, ते पाहावे. मराठीतील संदेशांचे व पत्रांचे कन्नड वा इंग्रजी भाषांतर होते, तेव्हा ते माहेरच्या जाणत्या माणसाने सरकारी वकिलासोबत बसून एकदा ताडून पाहावे. आणि हुंडा दिल्याचे सांगितले तर आपणच अडकू, या भीतीने पुष्कळ वडील गप्प बसतात. त्यांनी हुंडा प्रतिबंधक कायद्याचे कलम ७ वकिलाकडून वाचून घ्यावे : अन्याय झालेल्या व्यक्तीने दिलेल्या निवेदनावरून तिच्यावर त्या कायद्याखाली खटला भरता येत नाही.