विश्लेषण : गिरणगावातील ‘हेरिटेज वॉक’मध्ये नेमके काय राहून जाते?

लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये जुन्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे. गिरणगावात पायी सहली भरतात, तेव्हा तिथे फोटो ठरलेला. मग १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगारांचा संप. पुढचा थांबा लालबागचा मसाला. चिमणी दिसते, गिरण्यांची जमीन कुठे गेली हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

जमिनीचा हिशेब काय?

गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार पुनर्विकास करताना तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते : मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, परवडणाऱ्या घरांसाठी ‘म्हाडा’ला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. बांधकामाखालची जमीन वगळून फक्त मोकळ्या जमिनीचेच वाटे करायचे ठरले. साहजिकच मैदाने आणि घरे यांचा वाटा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. टॉवर संपामुळे आले असे सर्रास म्हटले जाते, ते अर्धेच खरे. गिरणी बंद पडणे वेगळे आणि तिच्या जागी काय यावे हे ठरवणे वेगळे.

खानावळी कुठे आहेत?

कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने राहत. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर पाठ टेकणार. त्यांना महिनेवारीने जेवू घालत त्या खानावळवाल्या बाया. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, सावकाराऐवजी बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. या इतिहासाला चिमणी नाही, म्हणून तो कॅमेऱ्यात येत नाही.

चाळी वाचवायच्या का?

शंभरीला आलेल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत जाणाऱ्याला वारशाची महती ऐकवण्यात अर्थ नाही. सामाईक शौचालयापुढची रांग पाहुण्याला गमतीची वाटते, तिथे राहणाऱ्याला नाही. चाळ पाडायला हरकत नसावी. मात्र रिकामी होण्याआधी प्रत्येक मजल्यावर कोण, कुठल्या गावचे, कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होते याची नोंद व्हायला हवी. साचे चालवलेले हात आता सत्तरी-ऐंशीत आहेत. सहलीचे शुल्क घेणाऱ्यांनी त्यांना वाटाड्या म्हणून बोलवावे, रीतसर मानधन द्यावे. आज अनेकदा ते खालच्या बाकड्यावर बसलेले असतात आणि त्यांच्यासमोरून त्यांचीच गोष्ट दुसरा कोणी इंग्रजीत सांगत जातो.