टिकटिक झाली की इंजिन खोलायचं?



जुन्या ट्रॅक्टरनं टिकटिक केली, मिसिंग धरलं की मिस्त्री एकच बोलतो, "इंजिन गेलं, खोलावं लागंल." ऐन पेरणीत माणूस घाबरून उसनवारी करतो. माझ्या ९ हजार तास चाललेल्या ट्रॅक्टरलाही हेच सांगितलं. निघालं काय? एक खराब नोजल!

टिकटिक वरून, टापेट कव्हरातून येत असंल तर आधी ऑइल बघा, मग टापेट सेट करा. गेज कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो.

मिसिंग असंल तर डिझेल फिल्टर बदला, हवा काढा. तरी राहिलं तर मिस्त्रीला म्हणा, चालू इंजिनात एकेका नोजलच्या पाईपचं नट जरा ढिलं कर. आवाज पडला तर तो सिलेंडर चांगला. फरकच पडला नाही तर दोष तिथंच. नोजल टेस्टिंगला द्या. नोजल चांगलं निघालं तर कॉम्प्रेशन तपासा. प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं, हात लांब ठेवा. कॉमन रेल इंजिनला हे करूच नका.

खालून जड ठकठक येते, लोडवर वाढते? मग मात्र लगेच बंद करा. तिथं मिस्त्री खरा.

पोट फाडायच्या आधी आपण डॉक्टरला तपासणी मागतो. मग मिस्त्रीला का नाही?