रिपोर्टात मान स्वच्छ, तरी मानेचं ऑपरेशन?

"फोड जिभीले हाये त जीभ कापा. मानीत त काईच नाई निंगालं, मंग मान कायले फाडता?"

हिवरखेड-तेल्हारा-अकोट पट्ट्यातला रुग्ण डॉक्टरांना हे विचारतो तेव्हा समोरचे कधी कधी वैतागतात. वैतागायचं कारण नाही, प्रश्न रास्त आहे. जिभेच्या कडेला दीड सेंटिमीटरची जखम असते. खर्रा किंवा तंबाखू-चुना ज्या गालात वर्षानुवर्षं धरला, बहुधा त्याच बाजूला. बायोप्सीत कॅन्सर निघालेला असतो आणि सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांपैकी जे काही झालं असेल त्यात मानेला संशयास्पद गाठ नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तरी डॉक्टर सांगतात की जिभेचा तुकडा काढताना त्याच बाजूची मानही साफ करू. घरी गेल्यावर कुणी तरी जाणता माणूस म्हणतोच, "बिल वाढवायचे धंदे हायेत हे."

बिल वाढवायचे धंदे कुठेच होत नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण या एका बाबतीत पुरावा डॉक्टरांच्या बाजूने आहे आणि तो परदेशातून आणलेला नाही. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ पासून दहा वर्षं एक चाचणी चालली. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा, त्यातही बहुतेकांचा जिभेचा, आणि मानेत हाताला काहीही लागत नाही, असे रुग्ण. निम्म्यांची मान जिभेसोबतच साफ केली. उरलेल्यांची मान तशीच ठेवली आणि गाठ दिसली तरच ऑपरेशन करायचं ठरवलं. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचा हिशेब जाहीर झाला. मान आधीच साफ केलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. पहिल्या गटात ५० मृत्यू झाले, दुसऱ्यात ७९. म्हणजे आठ जणांची मान वेळेवर साफ केली की एकाचा जीव वाचतो.

मग रिपोर्ट खोटा होता का? नाही. स्कॅनला जेवढं दिसतं तेवढंच त्याने सांगितलं. मानेतली निरोगी लसीकाग्रंथी राजम्याच्या दाण्यासारखी लांबट असते आणि सोनोग्राफीत तिच्या मधोमध चरबीची एक उजळ रेघ दिसते. कॅन्सर शिरून वाढला की ती गोल होते, मधली रेघ पुसली जाते, पुढे आतला भाग सडतो. सीटीवर साधारण एक सेंटिमीटरच्या वरची ग्रंथी संशयित धरतात. पण पेशींचा एखादा पुंजका ग्रंथीच्या कडेला नुकताच येऊन बसला असेल, दोन मिलिमीटरहूनही लहान, तर ग्रंथीचा आकार बदलत नाही आणि कुठल्याच यंत्राला तो दिसत नाही. टाटाच्या चाचणीत आधी साफ केलेल्या मानांपैकी जवळपास ३० टक्क्यांत असा लपलेला कॅन्सर सापडला. तो सापडला पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली, ग्रंथी कापून पाहिल्यावर. त्यावरूनच पुढे रेडिएशन लागेल का, हेही ठरतं. मानेचं ऑपरेशन उपचार तर आहेच, शिवाय सर्वांत खात्रीची तपासणीही तीच आहे.

याची दुसरी बाजू डॉक्टर मंडळी जरा हळू आवाजात सांगतात. ३० टक्क्यांत सापडला म्हणजे ७० टक्क्यांची मान उघडून काहीच निघालं नाही. आणि मान फुकटात उघडत नाही. खांदा उचलणारी नस तिथूनच जाते. ती दुखावली की हात खांद्याच्या वर जात नाही, पाठीवर फवारणीचा पंप चढवणं अवघड होतं. ओठाचा कोपरा खाली ओढणारी नसही वाटेतच असते. हल्ली पूर्वीसारखी सगळी मान खरवडत नाहीत. ग्रंथींचे वरचे तीनच टप्पे काढतात, त्यामुळे त्रास बराच कमी झाला आहे. पण तो शून्यावर आलेला नाही.

इथे स्कॅनचं खरं काम सुरू होतं, आणि माझी तक्रारही याच जागी आहे. आपण स्कॅनला नेमका चुकीचा प्रश्न विचारतो. 'मानेत काही आहे का' याचं त्याचं 'नाही' अपुरं असतं. 'जिभेत किती खोल गेलंय' याचं त्याचं उत्तर मात्र उपयोगाचं असतं. मानेत पसरण्याचा धोका जखमेच्या रुंदीपेक्षा खोलीवर जास्त ठरतो, म्हणून स्टेज ठरवण्याच्या २०१७ च्या जागतिक नियमावलीत खोलीचा समावेश झाला. टाटाच्या चाचणीतही ३ मिलिमीटरपर्यंतच्या उथळ गाठींमध्ये मान साफ केल्याचा फायदा स्पष्ट दिसला नाही. बायोप्सीचा चिमटीएवढा तुकडा पूर्ण खोली सांगू शकत नाही. एमआरआयमध्ये ती मोजता येते. मात्र बायोप्सीनंतरच्या सुजेने आकडा फुगतो, हे लक्षात ठेवायला हवं. गाठ जिभेच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचली असेल तर दोन्ही बाजूंच्या मानेचा विचार करावा लागतो, तेही एमआरआयच दाखवतो. मानेत शंकेची ग्रंथी दिसली तर सोनोग्राफी बघत बघत सुई घालून पेशी काढता येतात. ही तपासणी स्वस्त आहे आणि हात अनुभवी असेल तर फार कामाची.

'पेट स्कॅन करून या, म्हणजे खात्री होईल' असा सल्ला अलीकडे बऱ्याच नातेवाइकांना मिळतो. अमेरिकेतल्या २०१९ च्या एका अभ्यासात पेटने स्वच्छ म्हटलेल्या माना सुमारे ९४ टक्के वेळा खरोखर स्वच्छ निघाल्या, हे खरं. पण त्यात डोकं-मानेचे निरनिराळे कॅन्सर एकत्र होते. आणि काही मिलिमीटरचा पुंजका पेटच्याही नजरेतून सुटतो. त्यातलं किरणोत्सारी औषध ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे ही सोय मोठ्या शहरांभोवतीच राहते. सुरुवातीच्या जिभेच्या कॅन्सरात केवळ मान वाचवण्याच्या आशेने पेटसाठी कर्ज काढावं, असं मला वाटत नाही.

सेंटिनल नोड ही मधली वाट खरी आशेची आहे. गाठीभोवती खुणेचं औषध टोचायचं, ते ज्या पहिल्या ग्रंथीत पोहोचतं तेवढीच काढून तपासायची आणि तिच्यात कॅन्सर निघाला तरच मान उघडायची. फ्रान्स (२०२०) आणि जपान (२०२१) इथल्या चाचण्यांत या पद्धतीने जगण्याचं प्रमाण घटलं नाही आणि मानेचा त्रास कमी झाला. पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग हवा, ग्रंथीचे बारीक काप करून तपासणारा पॅथॉलॉजिस्ट हवा. वऱ्हाडात ही सोय रुजायला वेळ आहे.

तोवर 'थांबून बघू' म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करावा. टाटाच्या चाचणीत मान न उघडलेल्या रुग्णांना पहिले सहा महिने दर चार आठवड्यांनी बोलावत होते. एवढी राखण करूनही तो गट मागे पडला. तपासणीत सोनोग्राफीची भर घालूनही जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हिवरखेडवरून जाणारी खांडव्याची मीटरगेज बंद झाली आणि ब्रॉडगेज अकोटपर्यंतच आली. अकोटपर्यंत एसटी, तिथून अकोला, अकोल्याहून रातची गाडी धरून मुंबई, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर मुक्काम. कापूस वेचणीच्या दिवसांत ही वारी दर महिन्याला कोण करणार? बहुतेक माणसं परत येतात ती मानेत गाठ दिसायला लागल्यावरच, आणि तेव्हा ऑपरेशनही मोठं होतं, नसही धोक्यात येते.

म्हणून जिभेची गाठ ३ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर मानेच्या ऑपरेशनला हो म्हणा. ऑपरेशनची सोय अकोला किंवा नागपुरात जवळ होत असेल आणि महात्मा फुले योजनेत बसत असेल तर तिथेच करा. सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: खोली किती मोजली, मानेचे कोणते टप्पे काढणार, आणि खांद्याची नस राखणार ना. आणि दवाखान्यातून सुटी होण्याआधी खांद्याचे व्यायाम कोण शिकवणार, तेही विचारून घ्या.