वाटाड्याला निदान नकाशा तरी द्या!

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की घरातल्या दहावीच्या मुलावर एक प्रश्न हमखास कोसळतो : "काय रे, पुढे काय करणार?" मामा विचारतो, आत्या विचारते, चकली मोडता मोडता शेजारचे अण्णाही विचारून घेतात. पोरगे बिचारे मान खाली घालून "बघू" म्हणते आणि आपण सारे हसतो. मी म्हणतो, हसू नका. त्याने बघावे असे आपण त्याला काय दाखवले आहे, ते आधी सांगा!

"शाळेत मार्गदर्शन करतात की!" असे कुणी म्हणेल. करतात ना! कोण करतो तेही सांगतो. मी करतो. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, ब्रश धरायला शिकलो आणि शाळेत लागलो. रात्री कादंबऱ्या लिहितो. व्यवसाय मार्गदर्शनाचे काम माझ्याकडे आले ते माझ्या अंगी ती विद्या आहे म्हणून नव्हे, चित्रकलेच्या मास्तरला काम कमी असते अशी समजूत आहे म्हणून. दुसऱ्या शाळेत हेच ओझे कवायतीच्या मास्तरांच्या खांद्यावर असते. त्यासाठी वेळापत्रकात तास नाही, प्रवासाला पैसा नाही, हाताशी पुस्तक नाही. कपाटात पिवळी पडलेली काही पत्रके आहेत, ती कोणत्या साली आली हेही कुणाला आठवत नाही. शाळेचे नाव सांगत नाही. कारण हे दुखणे एका शाळेचे नाहीच.

बरे, हा विषय काही काल जन्माला आलेला नाही. अमेरिकेत बोस्टन शहरी फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडली. त्याचे म्हणणे साधे होते : मुलाने स्वतःला ओळखावे, कामधंद्यांची खरी माहिती मिळवावी आणि मग दोहोंचा मेळ घालावा. आपल्याकडे मुदलियार आयोगाने १९५३ साली शाळांतून मार्गदर्शनाची सोय करा म्हणून सांगितले. १९६६ साली कोठारी आयोगाने तर हिशेबच मांडून दिला : दर दहा माध्यमिक शाळांमागे निदान एक फिरता समुपदेशक हवा. त्याला आता साठ वर्षे होत आली. माझ्या शाळेत तो फिरता गृहस्थ अजून फिरकलेला नाही!

मध्यंतरी, २०१६ पासून काही वर्षे, आपल्या राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. हेतू वाईट नव्हता. मुलाच्या हाती कागद आला, त्यावर त्याचा कल लिहिलेला होता. पण त्या कलाचे करायचे काय, हे शेजारी बसून सांगणारा माणूस कुठे होता? वैद्याने नाडी पाहावी, रोगाचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि औषधाचे दुकान पंचक्रोशीत नसावे, तशातली ही गत!

रान असे मोकळे सोडले की त्यात कोण शिरते? आधी शिरतो क्लासवाला. तो शाळेत 'मोफत मार्गदर्शन शिबिर' भरवतो. व्याख्याता त्याचा, फलक त्याचा, मुलांना वाटलेली पेनेही त्याचीच. मग मार्गदर्शनाची वाट त्याच्याच दारात जाऊन थांबली तर नवल काय? सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासांनी प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढल्या. पण सूचनेने रिकामी जागा भरत नाही. दुसरा शिरतो सायबर कॅफेवाला. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाला. दहापर्यंत पसंतिक्रम भरता येतात. ते कोणत्या क्रमाने भरावेत हे बापाला ठाऊक नसते, मुलाला धड कळत नसते. मग खुर्चीवरचा तो पोऱ्या सांगेल ते खरे. त्याला मी दोष देत नाही. तो निदान खुर्चीत हजर तरी असतो!

काही शहाणे म्हणतात, "आता सारे मोबाइलवर मिळते, मार्गदर्शक कशाला?" उत्तर ऐका. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा हात रेखाटनात फार स्वच्छ. तिने विचारले, "सर, घरांचे नकाशे काढायला शिकवतात का कुठे?" आयटीआयमध्ये स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो; तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांची पदविका असते आणि पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते. हे मला ठाऊक होते, कारण रेघ हा माझाच प्रांत. पण लगेच तिच्या आईने विचारले, "मुलींचे वसतिगृह आहे का? फी किती? एस.टी. संध्याकाळी परत मिळते का?" मोबाइलवर अभ्यासक्रमांची नावे ढीगभर होती, या तीन प्रश्नांची उत्तरे नव्हती. ती मिळवायला मला स्वतःच्या खर्चाने दोन फेऱ्या घालाव्या लागल्या. त्याच वर्गातला दुसरा मुलगा उद्या मासेमारीच्या बोटीची इंजिने दुरुस्त करायला शिकायचे म्हणाला, तर त्याच्यासाठी फेऱ्या कुणी घालायच्या?

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. एक : मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्याला दोन तास द्या आणि ते त्याच्या कामात धरा. दोन : जिल्ह्यातले अभ्यासक्रम, जागा, फी, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि शिकाऊ उमेदवारी यांची मराठी पुस्तिका दर एप्रिलला नवी करून शाळेत पाठवा. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. तो मुलांना अजून कुणी समजावून सांगितलेला नाही. तीन : मुलांना कार्यशाळा, रोपवाटिका, छापखाना, रुग्णालयाची प्रयोगशाळा दाखवायला नेण्याइतके भाडे द्या. चार : दहा शाळांमागचा तो समुपदेशक, शिकलेला आणि पगारी, एकदाचा नेमा. आणि पाच : ज्याला मुलाला काही विकायचे आहे, त्याला मार्गदर्शक म्हणून शाळेच्या फाटकातून आत घेऊ नका.

यात चैनीचे काय आहे? क्लासच्या फीपायी आईबाप दागिने गहाण टाकतात. त्या मानाने दोन तास आणि एक पुस्तिका म्हणजे काहीच नव्हे. वाटाड्याला नकाशा द्यायचा नाही, कंदील द्यायचा नाही आणि यात्रा चुकली की "हल्लीच्या पोरांना ध्येयच नाही" म्हणून पोरांनाच बोल लावायचा, हा कुठला न्याय?

वाचकहो, सुटी संपून शाळा उघडली की पालकसभा भरेल. गणिताच्या गुणांची चौकशी करून झाली की मुख्याध्यापकांना एवढेच विचारा : आमच्या मुलांना पुढची वाट दाखवणारे शिक्षक कोण, त्यांना तास किती आणि त्यांच्या हाती साधने कोणती? उत्तर आले नाही तर उठू नका. दुसऱ्या सभेत पुन्हा विचारा. आम्ही मास्तर ओरडलो तर ते रडगाणे ठरते. तुम्ही विचारलेत तर त्याची दखल घ्यावी लागेल.