हाताखालचा खड्डा

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये सगळे फोटो काढतात ते ‘ओपन हँड’चे. ल कॉर्ब्युझिएच्या कल्पनेतला, वाऱ्याबरोबर फिरणारा हा 26 मीटर उंच हात त्याच्या मृत्यूनंतर, 1985 मध्ये उभा राहिला. सहलीत मला मात्र आवडला तो त्याखालचा खड्डा. लोकांनी एकत्र बसून चर्चा करावी म्हणून ती जागा मुद्दाम जमिनीच्या पातळीखाली बांधली आहे.

आपल्या हाउसमध्ये अशी जागा कुठे आहे? रात्रीच्या रोल कॉलला कॅप्टन बोलतो, बाकीचे ‘येस सर’ म्हणतात. पीटी, मेस, प्रेप, दिवे बंद, सगळं शिट्टीवर. शिस्त हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या पावसाळ्यात सहावीतला एक मुलगा आठवडाभर ओले मोजे घालून परेडला येत होता. दुसरी जोडी हरवली, हे सांगायचं कुणाला, तेच त्याला कळेना. पाय चिघळले तेव्हा सगळ्यांना समजलं. त्याच्या शेजारचा पलंग माझा. मीही विचारलं नव्हतं.

म्हणून रविवारी, बूट-नखांची तपासणी झाली की पंधरा मिनिटं सगळ्यांनी जमिनीवर बसावं. आधी सहावीने बोलावं. कॅप्टनने शेवटी.