गाभण म्हशीस पेंड, आणि सुनेस लावणी!

शेतकरी व कारागीर बंधूंनो,

जिते, हमरापूर, जोहे या पट्ट्यांत ज्याच्या गोठ्यांत म्हैस आहे त्याला ती कधीं विणार असें विचारा. घरधनी बोटांवर महिने मोजून पंधरवडा सांगेल. सून कितव्या महिन्यांत आहे असें विचारलें कीं तोच म्हणतो, "तें बायकांचें बायकांना ठाऊक!" म्हैस गाभण राहिली कीं तिची पेंड वाढते, तिला लांब चरायला हांकीत नाहींत, तिच्यावर काठी उगारीत नाहींत. सुनेस दिवस गेले कीं काय वाढतें? आषाढांत चिखलांत वांकून लावणी, गणपतीच्या कारखान्यांत दिवसभर बसून रंगकाम, आणि रात्रीं सर्वांच्या मागून टोपाच्या तळाशीं उरेल तें जेवण. म्हशीच्या दुधाला बाजारांत भाव आहे, सुनेच्या रक्ताला नाहीं, हेंच ना कारण?

वर पुन्हां शहाणपण असें कीं, "आमच्या बायका अडाणी, त्यांना स्वतःची काळजी घ्यायची कळत नाहीं." हा आरोप खोटा आहे. आशाताई दारीं येऊन सांगते, अंगणवाडींत सांगतात, दवाखान्यांत नर्सबाई सांगते. पहिल्या तीन महिन्यांत नांव नोंदवावें, निदान चार वेळां तपासून घ्यावें, धनुर्वाताचीं इंजेक्शनें घ्यावीं, चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक याप्रमाणें १८० दिवस घ्यावी, दुपारीं दोन तास आडवें व्हावें, हें तिनें ऐकलें आहे. ऐकलें नाहीं तें तुम्हीं! गाडीभाडें तुमच्या खिशांत, दुपारीं निजण्याची मुभा सासूच्या तोंडांत, आणि जास्तीचा घांस घरच्यांच्या मर्जींत. ज्ञान तिच्या कानीं आणि किल्ली तुमच्या कमरेला! मग त्या ज्ञानाचें तिनें काय लोणचें घालावें?

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतल्या शंभर गरोदर बायकांपैकीं ५२ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. अशा बाईचें बाळंतपणांत थोडें रक्त जास्त गेलें तरी ती दगावूं शकते. तिचें मूल कमी वजनाचें होण्याची भीति असते. आणि पोटांत असतांना उपाशी राहिलेलें मूल शाळेंत बसलें म्हणजे मास्तरानें छडी कोणावर उगारावी?

कोणी म्हणतात, गोळीनें पोर काळें होतें. गोळीनें शौचाचा रंग काळा होतो, पोराचा नव्हे! कोणी म्हणतात, जास्त जेवली तर पोर मोठें होऊन अडेल. म्हणून नाचणी, वाल, जवळा, पालेभाजी घरांत असून तिचें ताट आखडतें. कोणी म्हणतात, ग्रहणांत विळी धरली तर पोराचा ओठ फाटेल. ग्रहण ही सावली आहे; सावलीनें ओठ फाटत नाहीं. ग्रहणाचे चार तास तिला उपाशी कोंडणारें घर दुसऱ्या दिवशीं तिला चिखलांत उतरवतें, हें कोणतें शास्त्र? डोहाळजेवणाला मांडव घालतां, ओटी भरायला पांच सवाष्णी जमवतां. पण तिचें रक्त तपासायला पेणेस न्यायला घरांत एक माणूस मोकळा नाहीं!

म्हातारे म्हणतात, "आमच्या आया बांधावर बाळंत झाल्या, त्यांना काय झालें?" ज्या वांचल्या त्यांचीं तुम्हीं लेकरें. ज्या गेल्या त्यांच्या वतीनें बोलायला कोण उरलें?

जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनीं १८६३ सालीं पुण्यांत आपल्या घरीं परक्यांच्या गरोदर विधवांना निर्भयपणें बाळंत होण्यास जागा दिली. आपल्याला आपल्याच सुनेस दुपारची चटई देववत नाहीं! १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत डॉ. आंबेडकरांनीं सांगितलें कीं, बाळंतपणापूर्वीं व नंतर आईला विसांवा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. आणि १९२९ सालीं कारखान्यांतल्या बाईसाठीं कायदा झाला. आज कायद्याखालीं येणाऱ्या नोकरदार बाईस पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. शेतांत राबणारीस? मातृवंदना योजनेचे पहिल्या खेपेस ५,००० रुपये, आणि रजा शून्य! शेतमजूर आणि वीटभट्टीवरच्या बाईलाही बुडालेल्या मजुरीचा पुरता मोबदला मिळालाच पाहिजे, ही मागणी आपण सरकारच्या दारीं नेऊं. पण घरच्या शेताचा मालक सरकार नव्हे.

तेव्हां एवढें करा. पोटुशी बाईस लावणीच्या चिखलांतून काढा. शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या शेतांत हात द्यावा. तिचें ताट पहिलें वाढा. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची डॉक्टर फुकट तपासणी करतात, तेथें नवऱ्यानें स्वतः बरोबर जावें. रक्त जाऊं लागलें, तोंडाहातांवर सूज आली, डोकें फार दुखलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, झटके आले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर भगताकडे धांवूं नका, १०८ ला फोन लावा.

सुनेची रजा मंजूर करणारा साहेब दुसरा कोणी नाहीं, तुम्हींच आहां. तिचा अर्ज नऊ महिने तुमच्या डोळ्यांपुढें आहे. सही करा!

— एक शाळामास्तर, जिते, ता. पेण