थर्टी फर्स्टला लोणावळ्याहून परत येताना

वर्षअखेर जवळ आली की देहूरोड, तळेगाव, चिंचवडची मंडळी लोणावळा आणि पवना धरणाकडे निघतात. जायचे कसे, राहायचे कुठे, खायचे काय, सगळे ठरलेले असते. परत कसे यायचे, ते मात्र रात्री दीड वाजता ठरते. ठरवणारा मेंदू तोपर्यंत दारूने सुन्न झालेला असतो.

दारू न प्यायलेली उत्तम, हे माझे मत आहेच. पण तुम्ही पिणारच असाल तर पहिला ग्लास भरण्याआधी परतीचे ठरवा.

"मला चढत नाही, माझा कंट्रोल आहे," असे अनेकजण सांगतात. दारू सर्वात आधी निर्णयशक्तीवर परिणाम करते. त्यामुळे आपल्याला किती चढली आहे, हे ज्याचे त्याला कळत नाही. रोज पिणारा सरळ चालतो, नीट बोलतो, पण समोर ट्रकने ब्रेक मारला की त्याचा पाय उशिराच हलतो.

थोडा हिशोब करू. व्हिस्कीच्या एका लार्ज पेगमध्ये, म्हणजे 60 मिलीमध्ये, सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असते. स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत जवळजवळ 40 ग्रॅम! "आम्ही फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. साधारण 70 किलो वजनाचा पुरुष एका लार्ज पेगनेही ती ओलांडू शकतो. स्त्रियांमध्ये तेवढ्याच दारूने पातळी आणखी वर जाते.

यकृत तासाला साधारण 8 ते 10 ग्रॅम अल्कोहोल जाळते. त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, उलटी काढणे, कशानेही रक्तात गेलेली दारू लवकर उतरत नाही. काळ्या कॉफीने फक्त झोप उडते. चार लार्ज पेग घेऊन साडेबाराला आडवा झालेला माणूस "झोप झाली" म्हणून पहाटे पाचला गाडी काढतो, तेव्हाही तो बहुधा मर्यादेच्या वरच असतो.

द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणून सगळ्या बाईक कामशेत, वडगाव, सोमाटणे फाटा अशा जुन्या हायवेनेच येतात. अंधार, थंडी, धुके आणि शेजारून जाणारे कंटेनर. मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी जेवून निघा. नाहीतर लोकलने देहूरोडला उतरा, किंवा अजिबात न पिणारा चालक सोबत घ्या. "कमी प्यायलेला" हा पर्याय नाही.

डॉक्टर म्हणून मला सर्वात जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. बाईकवरून पडलेल्या मित्राला "चढलीय, झोपू दे" म्हणून खोलीवर आणून टाकतात. डोक्यात रक्तस्राव झालेला माणूसही तसाच बरळतो, तसाच गाढ झोपतो. पडला असेल आणि उलट्या, वाढती गुंगी, झटके किंवा कानानाकातून रक्त असे काहीही दिसले, तर तो शुद्धीवर येण्याची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. नुसता पिऊन निपचित पडला असेल तरी हाक मारून, हलवून उठत नसेल किंवा श्वास मंद वाटत असेल तर हेच करा. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. एकटा सोडू नका. रस्त्यावर अनोळखी जखमी दिसला तरी थांबा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.